'देवाचे राज्य' : जाण्याचे की येण्याचे?

मराठीच्या वर्गांत रेव्हरंड ना. वा. टिळक शिकवले जातात ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून. फार झाले तर तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे गेलेला भक्तकवी म्हणून. ही दोन्ही वर्णने खोटी नाहीत, पण सोयीची आहेत. ज्या एका कल्पनेपायी या माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात मिशनची पगारी चाकरी सोडली, त्या कल्पनेकडे आपण वळतच नाही. ती कल्पना म्हणजे 'देवाचे राज्य'. आमचे म्हणणे असे, की या शब्दाचा मराठीत रूढ झालेला अर्थ चुकीचा आहे, आणि त्या चुकीत चर्चची वेदी आणि विद्यापीठाचा मराठी विभाग दोघेही सामील आहेत.

रूढ अर्थ काय? मेल्यानंतर पुण्यवान आत्मा जेथे जातो ते स्थळ. भाविक ख्रिस्ती असे मानतो, ख्रिस्तेतर वाचक तर असेच गृहीत धरतो. आता मूळ शब्द पाहू. शुभवर्तमानांतील ग्रीक शब्द 'बासिलेइया' आणि त्यामागील अरामी 'मल्कुथा' यांचा प्रथमार्थ प्रदेश नव्हे, तर राजेपण, सत्ता चालणे. मत्तय 'स्वर्गाचे राज्य' म्हणतो म्हणून गोंधळ होतो. परंतु बहुतेक अभ्यासकांच्या मते तेथे 'स्वर्ग' हा देवाचे नाव सरळ न घेण्याच्या यहुदी संकोचातून आलेला पर्याय आहे. तो पत्ता नव्हे. शिवाय येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत मागणे आहे ते हे राज्य येण्याचे. भक्ताने तेथे जाण्याचे नव्हे. सारा वाद या एका क्रियापदाचा आहे.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. आमच्या हेंद्रेपाड्यात, बदलापूरच्या पश्चिमेला, भोवतीच्या इमारती कितीही वाढल्या तरी दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' हे शब्द तोंडी येतातच. म्हणणारीला पाताळात जायचे नसते. बळीने वर यावे आणि या मातीवर, या घरात, त्याचा न्याय चालावा, एवढेच तिचे मागणे असते. जोतीराव फुल्यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त ख्रिस्ताला बळीराजाच्या पंक्तीला बसवले, ते ही जवळीक ओळखूनच. पाणिनीची सूत्रे फोडून अर्थ लावणाऱ्या आमच्या समीक्षेला पाडव्याच्या या वाक्याचा आधार घ्यावासा वाटला नाही, हे तिच्या वर्गीय सवयींशी सुसंगतच आहे.

मग 'येणे'चे 'जाणे' झाले कसे? एक कारण भाषांतराचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त स्वर्गासाठी 'वैकुंठ' योजले. पुराणाची भाषा घ्यायची तर पुराणाचा भूगोलही घ्यावा लागतो, आणि वैकुंठ हा लोक आहे. तेथे गमनच करावे लागते. स्टीफन्सना दोष देण्याचे कारण नाही. मराठीच्या प्रेमाने त्यांनी जे केले त्याला तोड नाही. दोष आहे तो त्यानंतरची चार शतके त्या भूगोलात सुखाने नांदणाऱ्या वाचनाचा. कारण राज्य एकदा मरणापलीकडे ढकलले, की अलीकडच्या व्यवहाराला त्याचा जाच उरत नाही.

आणि दृष्टांतांत तर सारा व्यवहार अलीकडचाच आहे. मोहरीचा दाणा, पिठात मुरणारे खमीर, शेतात सापडलेला ठेवा. द्राक्षमळ्याचा दृष्टांत घ्या. मालक पहाटेपासून मजूर लावतो, दिवस मावळायला तासभर असतानाही लावतो, आणि सर्वांना सारखीच मजुरी देतो. पहाटे आलेले चिडतात. बदलापूर असो वा अंबरनाथ, सकाळी नाक्यावर उभे राहून अकरापर्यंत कोणी न नेलेला मजूर ज्याने पाहिला आहे, त्याला या कथेसाठी भाष्यकार लागत नाही. कामाचे तास कमी भरले म्हणून त्याच्या घरी भूक कमी लागत नाही. देवाची सत्ता चालते तेथे मजुरीचा हिशेब असा असतो, हे त्या कथेचे सांगणे. परलोकात मजुरी वाटत नाहीत.

टिळकांना हे उमगले होते, असे आम्ही त्यांच्या कृतीवरून म्हणतो. 1895 मध्ये बाप्तिस्मा, पुढे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये पाळक, 1912 पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक. एवढी प्रतिष्ठा असलेल्या माणसाने 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. हे नाव आलंकारिक नव्हते. 'देवाच्या राज्या'चे ते मराठी भाष्य होते. चर्चची हद्द आणि राज्याची हद्द एक नव्हे, हे त्यांनी संस्थारूपाने लिहून ठेवले. 9 मे 1919 ला ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण प्रयोग मोडला म्हणून अर्थ मोडत नाही.

लक्ष्मीबाईंचे उदाहरण याहून बोलके. 'स्मृतिचित्रे'त क्रम पाहावा. आधी मनातून जात गेली, कोणाच्याही हातचे पाणी घेण्याचा निश्चय झाला, आणि बाप्तिस्मा नंतर, 1900 मध्ये. राज्य आधी आले, सभासदत्व मागाहून. आपण मात्र त्या पुस्तकातला विनोद आणि साधी शैली यांवरच प्रश्न काढतो.

दोन आक्षेप येतील. पहिला शास्त्राचा: पिलाताला उत्तर देताना येशूनेच आपले राज्य या जगाचे नाही असे सांगितले ना? सांगितले. परंतु तेथील ग्रीक शब्दयोगी 'एक' उगम दाखवतो, ठिकाण नव्हे. हे राज्य जगाच्या बळातून निघालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून तर त्याच्यासाठी तलवार उपसली जात नाही. दुसरा आक्षेप असा, की आम्ही श्रद्धेचे समाजसुधारणेत रूपांतर करीत आहोत. तसे नाही. राज्याची पूर्णता माणसाच्या हाती नाही, असेच ख्रिस्ती श्रद्धा मानते. पण पूर्णता देवाची म्हणून आरंभ टाळण्याची मुभा मिळते, असे शुभवर्तमान कोठेही म्हणत नाही.

हा केवळ शब्दाचा कीस नव्हे. नगर परिसरात त्या मिशनमधून ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतले. त्यांना राज्य मेल्यावर मिळणार असेल, तर चर्चमधली बसण्याची जागा, सोयरीक आणि दफनभूमी यांत आजही उरलेल्या जातीचा जाब कोणी कोणाला विचारायचा? राज्यसंस्थाही त्यांना आपले म्हणत नाही: 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता राखला, पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. आणि 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडले गेले, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. 'राज्य' म्हणजे प्रदेश आणि प्रदेश म्हणजे कबजा, असा धसका त्यामागे होता. भाविकाचा परलोक आणि विरोधकाचा धसका, दोन्ही एकाच चुकीच्या अर्थावर पोसले आहेत.

मुलांच्या खेळात 'तुझ्यावर राज्य' असे म्हणतात. ज्याच्यावर ते येते त्याला सिंहासन मिळत नाही, धावावे लागते. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांकडे आमची मागणी साधी आहे: टिळकांच्या फुलांबरोबर त्यांचा दरबारही शिकवा. आणि तो शिकवताना विद्यार्थ्याने विचारले, की सर, ते राज्य आपल्या कॉलेजात आले आहे का, तर 'हा प्रश्न परीक्षेला नाही' असे म्हणून सुटका करून घेऊ नका.