वाहवा कसली करताय? आधी मुलांना गाडीतून उतरवा!

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि थोडी कडूही आहे. चहा घेऊन बसा, पण वाचा.

गेल्या आठवड्यात इथल्या एका मराठी पालकांच्या ग्रुपवर फोटो आला. मोटरवेच्या हार्ड शोल्डरवर गाडी उभी. बाबा जॅक लावून टायर बदलतायत, तेही उजव्या बाजूचा, म्हणजे पाठ सरळ रहदारीकडे. मागच्या सीटवर दोन पिल्लं काचेतून हात हलवतायत. खाली ओळ: "अर्ध्या तासात काम फत्ते! आपण टोइंगवाल्याची वाट बघणाऱ्यातले नाही." त्याखाली अंगठ्यांचा पाऊस. "मानलं भाऊ!" "याला म्हणतात मराठी बाणा!"

आणि तो फोटो काढणाऱ्या वहिनी नेमक्या कुठे उभ्या होत्या, हे एकानेही विचारलं नाही.

मी लिहिलं, "मुलांना बाहेर काढून कठड्यामागे न्यायला हवं होतं, आणि टायरला हात लावायला नको होता." लगेच उत्तर आलं: "ताई, तुम्ही अकाउंटंट लोक उगाच घाबरता. झालं का काही? नाही ना?"

या "झालं का काही?"वरच मला आज बोलायचंय.

मी सीए आहे. ऑडिटला गेल्यावर तिजोरीची किल्ली टेबलावर पडलेली दिसली, तर "चोरी झाली नाही, म्हणजे सगळं ठीक" असं आम्ही लिहीत नाही. चोरी झाली नाही हे नशीब. किल्ली टेबलावर होती हा दोष. नशिबाला व्यवस्था समजायचं नाही, हे आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षात आमच्या डोक्यात ठोकून बसवतात. आणि तरीही मी स्वतः तेच केलं होतं. म्हणून हे लिहितेय, उपदेश करायला नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी लंडनहून गणपतीचा कार्यक्रम आटपून आम्ही बर्मिंगहॅमला परत चाललो होतो. एम-४० वर, बॅनबरीच्या अलीकडे, रात्री साडेनऊ, धो धो पाऊस. गाडीची ताकद गेली आणि नवऱ्याने ती कशीबशी हार्ड शोल्डरवर घेतली. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार. सासूबाई भारतातून आलेल्या, अंगावर रेशमी साडी, गुडघे दुखरे. मी काय केलं? हीटर चालू राहतोय का ते बघितलं, मुलांच्या अंगावर शाल घातली, मोदकाचा डबा उघडला आणि म्हटलं, "कोणी बाहेर जायचं नाही, भिजाल!" मला वाटत होतं मी आईपण निभावतेय.

जवळजवळ चाळीस मिनिटं आम्ही तसे बसलो. दर थोड्या वेळाने एक लॉरी जायची आणि गाडी अख्खी डुलायची. सासूबाई म्हणाल्या, "भूकंप झाला का गं?" आम्ही हसलो.

मग हायवेचा ट्रॅफिक ऑफिसर आला. गाडीला काय झालंय हे त्याने विचारलंच नाही. डावीकडचं दार उघडून म्हणाला, सगळे बाहेर, या बाजूने, आत्ता. सासूबाईंना कठडा ओलांडता येईना. त्याने आणि नवऱ्याने दोन्हीकडून धरून त्यांना अलगद पलीकडे ठेवलं. आम्ही ओल्या गवतात उभे राहिलो, भिजलो, कुडकुडलो. मुलाला दोन दिवस सर्दी झाली. बस, एवढीच काय ती किंमत.

परवा मुलगी हायवे कोडचं पुस्तक वाचत बसली होती. या वर्षी प्रोव्हिजनल लायसन्सला अर्ज करायचाय तिला. वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "आई, तेव्हा आपण गाडीत का बसून होतो?" मला उत्तर देता आलं नाही.

आता थोडे आकडे, माझी सवय आहे. ७० मैल वेगाने येणारी गाडी सेकंदाला साधारण ३१ मीटर कापते. हायवे कोडप्रमाणेच या वेगाला थांबायला ९६ मीटर लागतात, तेही कोरड्या रस्त्यावर, जागा असलेल्या ड्रायव्हरला. लॉरी ४४ टनांपर्यंतची असू शकते. हार्ड शोल्डर आणि चालू लेन यांच्यामध्ये भिंत नाही, एक पांढरी रेघ आहे. त्या रेघेवरून डुलकी लागलेला एक ड्रायव्हर जरा डावीकडे सरकला, की शाल, हीटर आणि मोदक यांचा काय उपयोग?

आता ग्रुपवरचे मुद्दे एकेक घेते.

"एवढ्या थंडीत लहान मुलांना बाहेर काढायचं?" हो. थंडीवर कोट आहे, ब्लँकेट आहे, छत्री आहे. लॉरीवर काही नाही. मात्र कोट डिकीत ठेवलेत तर ते काढायला तुम्हाला गाडीच्या मागे, रहदारीत पाठमोरं उभं राहावं लागेल. कोट आणि ब्लँकेट सीटजवळ ठेवा.

"टायर तर मी दहा मिनिटांत बदलतो." बदलत असाल. खंबाटकी घाटात चाकाखाली दगड लावून, मागे झाडाची फांदी टाकून माझ्या बाबांनीही स्टेपनी बदलली आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण तो घाट होता, इथे मोटरवे आहे. हार्ड शोल्डरवर साधी दुरुस्तीसुद्धा करू नका, हा इथला नियम आहे आणि तो अडाण्यांसाठी केलेला नाही. कौशल्य तुमच्याकडे असेल, पण मागून येणाऱ्याची झोप तुमच्या हातात नाही.

"आम्ही लाल त्रिकोण ठेवतो ना!" साध्या रस्त्यावर ठेवा, निदान ४५ मीटर मागे, तेही सुरक्षित असेल तरच. मोटरवेवर ठेवायचाच नाही. ७० च्या वेगाला ते ४५ मीटर दीड सेकंदात संपतात, आणि तो ठेवायला चालत जाताना धडक बसणार ती तुम्हाला.

"एवढ्याशासाठी पोलिसांना कशाला त्रास?" हा आपला खास भिडस्तपणा. नवीन आलेल्यांच्या मनात आणखी एक भीती असते, व्हिसावर काही नोंद तर होणार नाही? अहो, मदत मागितली म्हणून व्हिसावर डाग पडत नाही. गाडी चालू लेनमध्ये अडकली असेल तर ती ९९९ चीच वेळ आहे. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालवता येतं, आणि ती मुदत उलटली म्हणून कोणी फोन करायला घाबरत असेल, तर दोष फोनचा नाही. आधी लायसन्स काढा.

"ब्रेकडाउन कव्हरचे पैसे फुकट जातात." हे मला, अकाउंटंटला सांगताय? मुलांच्या ट्यूशनला, कथकला, अकरा-प्लसच्या तयारीला आपण बिल न बघता पैसे भरतो, आणि हे कव्हर मात्र खर्च वाटतं! आधी बँकेचे कागद बघा, काही खात्यांबरोबर ते आधीच मिळालेलं असतं. कव्हर गाडीला आहे की माणसाला, फक्त रस्त्यावरच्या दुरुस्तीचं आहे की सगळ्यांना घरापर्यंत पोचवण्याचंही, हे आज वाचा. रात्री पावसात मोबाइलवर वाचू नका.

तर करायचं काय?

गाडी चालतेय तोवर पुढच्या एक्झिटला किंवा सर्व्हिसेसला बाहेर पडा. ते जमलं नाही तर डावीकडे घ्या, हार्ड शोल्डरवर किंवा नारिंगी रंगाच्या इमर्जन्सी एरियात, जितकं डावीकडे जाईल तितकं, चाकं डावीकडे वळवून. चारही इंडिकेटर चालू, अंधार असेल तर साइडलाइटही. सगळ्यांनी डावीकडच्या दारानेच उतरायचं. ड्रायव्हरनेही, सीटवरून सरकून. कठड्यापलीकडे जा, आणि रहदारी ज्या बाजूने येते त्या बाजूला, गाडीपासून लांब उभे राहा. गाडीला धडक बसली तर ती पुढे फेकली जाते, म्हणून तिच्या पुढे उभं राहायचं नाही.

मग फोन. इंग्लंडमध्ये नॅशनल हायवेजचा नंबर ०३०० १२३ ५०००, किंवा जवळचा एसओएस फोन. त्यावरून बोललात की तुम्ही कुठे आहात हे त्यांना कळतं. मोबाइलवरून बोलत असाल तर कडेच्या निळ्या पाटीवरचं रस्त्याचं नाव, अक्षर आणि आकडा वाचून दाखवा. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर आहेत हे पहिल्या वाक्यात सांगा.

काही मोटरवेंवर हार्ड शोल्डरच नाही. सरकारने २०२३ मध्ये नवे स्मार्ट मोटरवे रद्द केले, पण जुने आहेत तसे आहेत. तिथे गाडी लेनमध्येच बंद पडली आणि उतरणं धोक्याचं वाटलं, तर पट्टे लावून, इंडिकेटर चालू ठेवून आत बसा आणि ताबडतोब ९९९ लावा. आत बसणं बरोबर ठरतं ते उतरणं शक्य नसतं तेव्हाच. पाऊस पडतोय म्हणून नाही.

आणि एक, मुलाला शूची घाई लागली म्हणून हार्ड शोल्डरवर थांबणारे आपल्यात कमी नाहीत. कृपा करून बंद करा. पुढची सर्व्हिसेस येईपर्यंत कळ काढायला शिकवा, नाहीतर जुने कपडे ठेवा.

आज संध्याकाळी घराच्या दारात, उभ्या गाडीत, एकदा तालीम करा. मागच्या डाव्या दाराला चाइल्ड लॉक आहे ना? मग मुलांना ते आतून उघडता येणार नाही, बाहेरून कोण उघडणार हे ठरवा. बाळाची सीट उजवीकडे असेल तर बाळाला डाव्या दाराने काढून बघा, किती वेळ लागतो ते कळेल. आजी-आजोबा सुट्टीला आले असतील तर त्यांनाही बसवा. माझ्या सासूबाईंसारखे गुडघे असतील तर कोण धरणार, कुठून नेणार, हे आधी बोला. प्रत्येकाला एक चमकणारं जॅकेट, आजीलासुद्धा. साडीवर शोभत नाही म्हणतील. म्हणू द्यात.

मी मुलीला शेवटी खरं उत्तर दिलं. म्हटलं, "माहीत नव्हतं म्हणून बसलो, आणि काही झालं नाही म्हणून नंतरही शिकलो नाही." ती म्हणाली, "मग आता ग्रुपवर लिही."

लिहिलं. त्या फोटोतल्या दादांवर माझा राग नाही. राग आहे तो खाली अंगठे देणाऱ्या आपल्या सगळ्यांवर. पुढच्या वेळी असा फोटो आला तर "मानलं भाऊ" लिहिण्याआधी एकच विचारा: मुलं कुठे आहेत?

शेअर करायला परवानगी विचारू नका. करा.