विश्लेषण : जुन्या गाडीचे ‘किलोमीटर’ आरटीओच्या कागदावर का नकोत?

जुनी गाडी घेताना आपला पहिला प्रश्न असतो, ‘किती चालली आहे?’ भाव बराचसा त्यावरच ठरतो. पण गाडी नावावर करताना भराव्या लागणाऱ्या फॉर्म २९ आणि ३० मध्ये हा आकडा लिहायला रकानाच नाही.

मीटर मागे घेतल्याने काय बिघडते?
डिजिटल मीटरही उपकरण जोडून मागे घेता येते. लाखभर किलोमीटर धावलेली गाडी चाळीस हजारांची ‘होते’. यात पैसे तर जातातच, शिवाय टायमिंग बेल्टसारखे भाग किलोमीटर पाहून बदलायचे असतात. आकडा खोटा असेल तर ती वेळ कळतच नाही.

इतर देशांत काय होते?
अमेरिकेत १९७२ पासून मीटरमधील फेरफाराविरुद्ध केंद्रीय कायदा आहे. १९८६ च्या दुरुस्तीनंतर विकणाऱ्याला मालकीच्या कागदावरच आकडा लिहून सही करावी लागते. २०११ पासूनच्या मॉडेलना हे बंधन २० वर्षे लागू आहे. बेल्जियममध्ये जुनी गाडी विकताना ‘कार-पास’ हा किलोमीटरचा दाखला द्यावा लागतो.

आपल्याकडे कायदा नाही का?
फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. पण आकडा तोंडीच सांगितलेला असेल, तर फसवणूक सिद्ध कशी करणार? जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नियम आले. त्यांच्या ताब्यातील गाडीच्या फेऱ्यांची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. त्याआधीच मीटर फिरवले असेल, तर त्या नोंदीचा उपयोग काय?

उपाय काय?
फॉर्म २९ मध्ये एक रकाना वाढवावा आणि प्रत्येक पीयूसीच्या वेळी आकडा ‘वाहन’ पोर्टलवर चढवावा. ‘लोक तिथेही खोटे लिहितील’ हा आक्षेप येईलच. पण सहीनिशी लिहिलेले खोटे हा पुरावा असतो. शिवाय दरवर्षीची नोंद असेल तर मागे गेलेला आकडा लगेच उघडा पडेल.

तोपर्यंत काय कराल?
- कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी मागा.
- टायरवरील चार अंकी खूण पाहा. त्यात निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते. वीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील, तर कारण विचारा.
- डिलिव्हरी नोटवर तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून विकणाऱ्याची सही घ्या.

सही द्यायला विकणारा कचरला, तर गाडी न घेतलेलीच बरी.