आम्हाला विचारले, की नुसते सांगितले?

आमच्या वस्तीच्या कडेने महामार्ग जातो. मुंबईच्या पूर्व उपनगरात राहणाऱ्या वाचकांना त्याचे वर्णन करून सांगायला नको. सकाळी आणि संध्याकाळी तो रस्ता राहत नाही, गाड्यांचा तळ होतो. आमची माणसे याच रस्त्याने कामाला जातात, आमच्या बाया याच रस्त्याच्या पलीकडे धुण्याभांड्याला जातात आणि आमची पोरे याच रस्त्यापलीकडच्या शाळेत शिकतात. बसमध्ये तास-दीड तास उभे राहून पाय सुजतात, उशीर झाला की मुकादम अर्धा दिवस कापतो. मागे एका बाळंतिणीला दवाखान्यात नेताना रिक्षा अशी अडकली की शेवटी चार बायांनी तिला हाताला धरून चालवत नेले. म्हणून आधीच सांगतो, रस्ता सुधारायला आमचा विरोध नाही. तो सुधारलाच पाहिजे. आमचा प्रश्न वेगळा आहे.

शुक्रवारी संध्याकाळी विजेच्या खांबावर एक कागद चिकटवलेला दिसला. रस्ता रुंद करण्याच्या कामाबाबत मंगळवारी सकाळी अकरा वाजता बैठक, स्थानिकांनी हजर राहावे. मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या वस्तीत कोण असते? म्हातारी माणसे, आजारी माणसे आणि रात्रपाळी करून झोपलेले. आम्ही एकूण चौदा जण गेलो. भिंतीवर नकाशा लावला होता आणि त्यावरचे सारे शब्द इंग्रजीत होते. साहेबांनी छडी फिरवून दहा मिनिटांत सगळे सांगितले. मग हजेरीचा कागद फिरला. आम्ही सह्या केल्या, कोणी अंगठा दिला.

तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या एका आजी उठल्या. म्हणाल्या, "साहेब, आमची लेकरं शाळेत कुठून जायची ते दाखवा या कागदावर." साहेब भले माणूस होते, रागावले नाहीत. पण म्हणाले, "आजी, तो विषय आजचा नाही." आजी म्हणाल्या, "मग आमाला बोलावलं कशाला?"

वाचकहो, आमच्या आजच्या लेखाचा विषय आजींच्या या एका वाक्यात आहे. सांगणे वेगळे आणि विचारणे वेगळे. सांगतात तेव्हा निर्णय झालेला असतो. विचारतात तेव्हा तो व्हायचा असतो. आम्हाला बोलावले होते ते सांगायला. हजेरीच्या कागदावर मात्र वर मथळा होता, 'स्थानिकांशी विचारविनिमय'. म्हणजे आमच्या सह्या आमच्या नकळत भलत्याच गोष्टीची साक्ष झाल्या.

न विचारता केलेले काम लवकर होते, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही, आणि त्याचा पुरावा आमच्याच शहरात उभा आहे. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल, कुर्ल्याच्या लोकांनी तर तो डोळ्यांसमोर बनताना पाहिला. लांबी अवघी ६.४५ किलोमीटर. जागतिक बँकेने २००२ मध्ये मुंबईच्या वाहतूक प्रकल्पासाठी कर्ज मंजूर केले, त्यात रेल्वेची कामे होती आणि हा रस्ता होता. प्रकल्पामुळे किती माणसे हलवावी लागतील याचा पहिला अंदाज सुमारे ८० हजारांचा होता. प्रत्यक्षात आकडा १ लाख २० हजारांच्या घरात गेला. ज्यांना माणसेच मोजता आली नाहीत, त्यांना माणसांच्या अडचणी कुठून मोजता येणार?

कुर्ल्याच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरचे दुकानदार आणि तिथले रहिवासी २००४ मध्ये बँकेच्या तपासणी मंडळाकडे गेले. हे मंडळ १९९३ मध्ये स्थापन झाले. बँकेच्या पैशातून होणाऱ्या कामाने ज्यांचे नुकसान होते, त्यांना तिथे सरळ तक्रार करता येते. दुकानदारांचे म्हणणे साधे होते. दुकान म्हणजे चार भिंती नव्हेत. दुकान म्हणजे गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक टेम्पोत भरून मानखुर्दला नेता येत नाही. मोठे दुकान असो की लहान, फुकट जागा २२५ चौरस फूटच, हे ठरवताना आम्हाला कोणी विचारले नाही, अशीही त्यांची तक्रार होती. मंडळाने चौकशी केली आणि डिसेंबर २००५ मध्ये अहवाल दिला. तक्रारीत तथ्य आहे, लोकांशी नीट सल्लामसलत झाली नाही, त्यांच्या रोजगाराचा विचार झाला नाही, असे त्यात नमूद झाले. १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्त्याच्या आणि पुनर्वसनाच्या कामाचे पैसे थांबवले. ते जूनच्या अखेरीस पुन्हा सुरू झाले, पण आधी त्रुटी दूर करण्याचे कबूल करावे लागले. काम २००३ मध्ये सुरू झाले होते. रस्ता खुला झाला एप्रिल २०१४ मध्ये. उशिराला इतरही कारणे होती, हे आम्ही नाकारत नाही. पण पहिल्याच वर्षी लोकांना बसवून विचारले असते, तर पुष्कळ वेळ वाचला असता.

आता एक परदेशातली गोष्ट. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सेंट पॉल नावाचे शहर आहे. तिथे रॉन्डो ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती होती. दुकाने, चर्च, मंडळे, सगळे तिथे होते. १९५० आणि १९६० च्या दशकांत मोठा महामार्ग त्या वस्तीच्या मधोमध नेला. शेकडो कुटुंबांची घरे गेली. शहराचेच एक अभियंता जॉर्ज हेरॉल्ड यांनी रेल्वेच्या रुळांलगतचा दुसरा मार्ग सुचवला होता, तो नाकारला गेला. वस्तीतल्या लोकांनी संघटना उभी केली. त्यांना महामार्ग अडवता आला नाही. पण तो वस्तीच्या डोक्यावरून खांबांवर न नेता जमिनीच्या पातळीखालून न्यायला त्यांनी भाग पाडले. २०१५ मध्ये त्या शहराच्या महापौरांनी आणि राज्याच्या वाहतूक खात्याच्या प्रमुखांनी रॉन्डोच्या लोकांची जाहीर माफी मागितली. माफी चांगलीच. पण माफीने मोडलेली आळी परत येत नाही. दुसरा मार्ग कागदावर होता तेव्हाच त्या लोकांना विचारायला हवे होते.

आमच्या वाचकांना महामार्ग म्हटले की घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर आठवल्याशिवाय राहणार नाही. ११ जुलै १९९७ रोजी याच पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला आमची दहा माणसे गोळीबारात गेली. त्या वस्तीची आणि या रस्त्याची गाठ आजही सुटलेली नाही. पूर्व मुक्तमार्ग घाटकोपरच्या छेडानगरपासून ठाण्यापर्यंत खांबांवरून पुढे नेण्याचे काम एमएमआरडीएने हाती घेतले आहे. त्याच्या वाटेत या नगरातील काही घरे येतात. म्हणून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाला बरोबर घेऊन नगराचा पुनर्विकासही ठरवला. तिथल्या कुटुंबांनी आपापल्या करारातली प्रत्येक ओळ वाचून घ्यावी आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना शिकलेल्या पोरांनी वाचून दाखवावी. याच मार्गावरची दुसरी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०२५ मध्ये महामार्गाकडेची गुलाबी फुलांची झाडे तोडली जाणार म्हणून लोकांनी आवाज उठवला, तेव्हा आराखड्यात बदल करून त्यातली काही झाडे वाचवण्याचे ठरले. आम्हाला आनंदच झाला, झाडे आमचीही आहेत. पण यातून एक गोष्ट सिद्ध झाली. साहेबांचा नकाशा दगडावरची रेघ नसतो. वेळेवर बोलले तर खांब सरकतो.

मग वेळेवर बोलायचे कसे? काही गोष्टी प्रत्येक घराला ठाऊक हव्यात.

शहरातून जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल आणि त्यासाठी जमीन घ्यायची असेल, तर १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याप्रमाणे राजपत्रात अधिसूचना निघते. तिचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावा लागतो, त्यातले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. त्या जमिनीत ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना अधिसूचनेपासून २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते. एकवीस दिवस म्हणजे तीन आठवडे. मोर्चा काढायचा की नाही, यावर वाद घालण्यातच आपले तीन आठवडे जातात.

काही मोठ्या महामार्गांना पर्यावरणाची मंजुरी लागते. २००६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे अशा कामाची जनसुनावणी घ्यावी लागते. तिच्या आधी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी तिथे बसतो, सुनावणीचे चित्रीकरण होते आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. मात्र याच अधिसूचनेत एक खाच आहे. रुंदीकरणासाठी नवी जमीन घ्यावी लागत नसेल, तर जनसुनावणीतून सूट मिळते. आमच्यासारख्या कडेच्या वस्त्यांचे प्रश्न नेमके इथेच राहून जातात. जागा कागदावर सरकारचीच असते, पण त्या जागेवरून चालणारी पावले आमची असतात.

जिथे सुनावणी नाही, तिथे माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क नाही. नकाशाची प्रत मागावी, पादचाऱ्यांसाठी काय सोय केली आहे ते विचारावे, किती घरे बाधित आहेत त्यांची यादी मागावी. आणि घरातले कागद एका पिशवीत नीट ठेवावेत. १ जानेवारी २००० ही तारीख किती जणांचे घर ठरवून गेली, हे आपण पाहिले आहे. जुनी मतदार यादी, वीजबिल, रेशनकार्ड, यातला एक कागद उंदराने खाल्ला तर घर गेले असे समजा. पुनर्वसनात मिळणारे घर नवराबायको दोघांच्या नावावर होते, तेव्हा घरातल्या बाईनेही हे कागद पाहिलेले असावेत.

आता थोडे कडू बोलतो. आम्हाला विचारत नाहीत, अशी तक्रार आम्ही करतो. पण आम्ही तरी आमच्या घरात कोणाला विचारतो? वस्तीच्या बैठका रात्री नऊला लागतात, तेव्हा बायका चुलीपाशी असतात. महामार्ग दिवसातून चार वेळा ओलांडते ती बाई, आणि त्यावर मत देतो तो पुरुष. चौदा जणांत त्या एक आजी नसत्या, तर पोरांच्या शाळेची वाट आमच्या ध्यानातही आली नसती.

आणखी एक. रस्ता रुंद झाला की गर्दी कायमची संपेल, या भरवशावर राहू नये. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते की मोठ्या शहरात रस्ता वाढवला की गर्दीच्या वेळी गाड्याही वाढतात आणि तो पुन्हा भरतो. म्हणून मागताना नुसता रुंद रस्ता मागू नये. बसला मोकळी वाट मागावी, थांब्याला छप्पर मागावे, ओलांडायला जिना चढावा न लागेल अशी जागा मागावी.

त्या मंगळवारनंतर आम्ही एक काम केले. एका शनिवारी सकाळी शाळेच्या वेळेला वस्तीतली मोठी मुले वही-पेन घेऊन महामार्गाच्या कडेला उभी राहिली. माणूस ओलांडला की एक रेघ. दोन तासांत वहीची अकरा पाने भरली. किती लहान मुले, किती डोक्यावर ओझे घेतलेल्या बाया, किती काठीवाले, सगळे वेगळे लिहिले. मग जवळच्या पुलापर्यंत पावले मोजली. जाऊन-येऊन चौदाशे पावले, वर जिन्याच्या पायऱ्या. तो हिशेब मराठीत लिहून, सर्वांच्या सह्या घेऊन आम्ही त्याच कचेरीत दिला. या वेळी सही करताना प्रत्येकाला कागद आधी वाचून दाखवला. आणि वरच्या प्रतीवर पोच घेतली.

साहेबांनी वही उलटून पाहिली. म्हणाले, "हे आमच्याकडे नव्हतं." पुढची बैठक रविवारी वस्तीतच घेऊ, असेही म्हणाले. शाळेची वाट नकाशावर येईल की नाही, ते आज सांगता येत नाही. पोचपावती आजींच्या ट्रंकेत आहे. रविवारी पहिल्या रांगेत त्याच बसणार आहेत.