वकिलाला सांगितलेले गुपित कोणाचे?

वैद्यापासून आणि वकिलापासून काही लपवू नये, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. वैद्याच्या बाबतीत आपण ते बहुधा पाळतो. दुखणे माणसाला बोलते करते. वकिलाच्या बाबतीत मात्र, पेडण्यात काय किंवा डिचोलीत काय, निम्मी हकिकत पोटात ठेवूनच माणूस त्याच्या कचेरीची पायरी चढतो. याला कारण नाही असे नाही. तालुका लहान. आपण ज्या वकिलाकडे जातो तो भाटकाराच्या ओळखीचा असतो, त्याचा कारकून आपल्याच वाड्यावरचा कुणाचा तरी मुलगा असतो, आणि कचेरीच्या बाकावर आपला शेजारी आपल्या आधीच येऊन बसलेला असतो. सांगितलेली गोष्ट संध्याकाळच्या आत तिठ्यावर पोचेल, ही धास्ती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

परंतु या धास्तीपायी माणसे काय गमावतात तेही पाहिले पाहिजे. समजा, एका मुंडकाराने १९७५ सालच्या मुंडकार संरक्षण कायद्याखाली मामलेदारापुढे अर्ज केला आहे. मध्यंतरी काही वर्षे तो मुलाबाळांसह मुंबईस नोकरीला होता व घराला कुलूप होते. घरात कायम वास्तव्य होते की नव्हते हाच वादाचा गाभा, म्हणून भिऊन ही गोष्ट त्याने आपल्याच वकिलाला सांगितली नाही. उलटतपासणीत भाटकाराचा वकील मुंबईचे रेशनकार्ड पुढे करतो. मुंडकार गडबडतो, एका प्रश्नाला दोन उत्तरे देतो, आणि त्याची खरी साक्षही खोटी वाटू लागते. हीच गोष्ट वकिलाला वेळेवर कळती तर दर नाताळला घर उघडत होते, सामानसुमान तेथेच होते, पंचायतीत घरपट्टी भरली जात होती, एवढा पुरावा त्याने आधीच जमवून ठेवला असता.

अशा भित्र्या अशिलासाठी कायद्याने फार पूर्वीच तजवीज केली आहे. १८७२ सालच्या भारतीय पुरावा कायद्यात ती होती. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, आणि त्याच्या कलम १३२ ते १३४ मध्ये तीच तरतूद कायम आहे. वकील म्हणून काम करताना अशिलाने जे सांगितले, अशिलाच्या कागदांतून जे कळले आणि वकिलाने जो सल्ला दिला, त्यातले काहीही अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून उघड करण्यास वकिलाला मनाई आहे. साक्षीच्या पिंजऱ्यात उभा करून विचारले तरी मनाई आहे. काम संपले, फी चुकती झाली, पुढे अशिलाने दुसरा वकील केला, तरीही हे बंधन सुटत नाही. गुपित अशिलाचे आहे. वकील त्याचा केवळ राखणदार. खुद्द अशिलालाही, तो आपण होऊन साक्षीदार म्हणून उभा राहिल्याखेरीज, वकिलाशी काय बोलणे झाले ते सांगण्याची सक्ती करता येत नाही.

वाड्यावरच्या त्या कारकुनाचे काय? त्यालाही कायद्याने विसरलेले नाही. वकिलाचा दुभाषी, कारकून व नोकर यांच्यावर तेच बंधन आहे. आपल्या गोव्यात दुभाष्याचे महत्त्व विशेष. १९६१ पूर्वीची विक्रीखते, वाटण्या, लग्नाच्या नोंदी पोर्तुगीज भाषेत. आपण बोलणार कोकणी किंवा मराठी. अर्ज लिहिला जाणार इंग्रजीत. आजोबांच्या वाटणीतली जी गोष्ट तीन पिढ्या घराबाहेर गेली नाही, ती प्रथम कळते जुना कागद वाचून दाखवणाऱ्याला. तो वकिलाच्या कामी नेमलेला असेल तर त्याचे तोंड कायद्याने बांधलेले आहे. तोच कागद आपण परस्पर कोणाकडून तरी वाचवून घेतला, किंवा न्यायालयाच्या व्हरांड्यात अर्ज लिहून देणाऱ्याला सारी कर्मकथा ऐकवली, तर या तरतुदीचा आधार मिळेल असे धरून चालू नये.

या संरक्षणाला एक मर्यादा आहे, आणि ती योग्यच आहे असे आम्हांस वाटते. घडून गेलेली चूक सांगता येते. पुढे करावयाच्या चुकीला वकिलाची मदत मागता येत नाही. ‘मी बहिणीची खोटी सही केली, माझा बचाव करा’, हे बोलणे गुप्त राहते. ‘बहिणीच्या खोट्या सहीचा कागद माझ्यापाशी आहे, त्यावर दावा लावून जमीन मिळवून द्या’, हे बोलणे गुप्त राहत नाही. कायद्यातच या धर्तीची उदाहरणे दिली आहेत. वकिलाने काम हाती घेतल्यानंतर अशिलाने नवा गुन्हा वा फसवणूक केल्याचे त्याच्या नजरेस आले, तर तेही झाकले जात नाही. परदेशी राहणाऱ्या मालकांच्या जमिनी बनावट कागदांवर लाटल्या गेल्या, म्हणून २०२२ साली गोवा सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडण्याच्या जमिनीकडे कोणाकोणाचे डोळे लागले आहेत ते वाचकांना सांगावयास नको. अशा काळात ही मर्यादा नसती तर वकिलाची कचेरी लबाडांचा आडोसा झाली असती.

आमच्या वाचकांना येथे कुमसाराची आठवण होणे साहजिक आहे. पापनिवेदनात ऐकलेले उघड करण्यास चर्चच्या कायद्याने धर्मगुरूला कोणतीही मुभा ठेवलेली नाही. मात्र पुष्कळांना ठाऊक नसते की, देशाच्या साक्ष्य अधिनियमात धर्मगुरूचे वा डॉक्टरचे नाव घेऊन असे संरक्षण दिलेले नाही. व्यवसायांपैकी ते वकिलाच्या वाट्याला आले आहे, आणि घरातल्यांपैकी पतिपत्नींच्या आपसांतल्या बोलण्याला.

अलीकडे या भिंतीलाच धक्का लागण्याची वेळ आली होती. जून २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने अरविंद दातार व प्रताप वेणुगोपाल या दोन ज्येष्ठ वकिलांना, एका कंपनीच्या प्रकरणात दिलेल्या कायदेशीर सल्ल्यावरून, समन्स धाडले. वकीलवर्गात खळबळ उडाली व समन्स मागे घेण्यात आले. त्याच सुमारास गुजरातमधील एका वकिलाला पोलिसांनी त्याच्या अशिलाच्या प्रकरणात बोलावल्याची बाब सर्वोच्च न्यायालयापुढे आली. न्यायालयाने स्वतःहून प्रश्न हाती घेतला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई (हे आपल्या अमरावतीचे) यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला: अशिलाची माहिती काढण्यासाठी तपास अधिकाऱ्याने वकिलाला समन्स काढू नये. वर सांगितलेल्या अपवादांत बसणारी गोष्ट असेल तर कोणत्या तथ्यांवरून ती तशी आहे, हे समन्समध्येच लिहावे, आणि पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेल्या वरिष्ठाची लेखी संमती आधी घ्यावी. वकिलाचा संगणक वा मोबाइल हवा असेल तर तो न्यायालयापुढेच मागवावा, आणि इतर अशिलांची गुपिते त्यात उघडी पडू नयेत याची काळजी घ्यावी.

याच निकालातली दुसरी गोष्ट मात्र आपल्या समजुतीला छेद देणारी आहे. कागद वकिलाच्या कपाटात ठेवला म्हणून तो गुप्त होत नाही. विक्रीखत, हिशेबाची वही, पावती ही न्यायालय मागवू शकते. झाकलेले असते ते त्यांविषयी अशील आणि वकील यांच्यात झालेले बोलणे. ते बोलणेही आपणच चारचौघांत उघडे करू नये. वकिलाने पाठवलेले सल्ल्याचे पत्र कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणारे भाऊ आहेत, आणि त्याच गटात विरुद्ध पक्षाचा जावई असतो! वारसा-वाटणीच्या इन्व्हेंटरीसाठी दोघे भाऊ मिळून एकाच वकिलाकडे गेले आणि पुढे त्यांच्यातच बिनसले, तर त्या सामायिक बैठकीतले बोलणे जगापासून झाकलेले राहील, एकमेकांपासून नव्हे. वाकडे येण्याचा संभव दिसत असेल तर पहिल्या दिवसापासून वेगळा वकील करणे बरे.

आणि भाटकाराशी ओळख असलेला तो वकील? ओळख असणे हा गुन्हा नव्हे. परंतु एखाद्या दाव्यात ज्याने आपल्याला सल्ला दिला, त्याने त्याच प्रकरणात उलट बाजूने उभे राहू नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. गुपित फोडणाऱ्या वा असा पक्ष बदलणाऱ्या वकिलाविरुद्ध महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, आणि दोष शाबीत झाल्यास त्याची सनदही जाऊ शकते.

एक घोटाळा स्त्रियांच्या बाबतीत वारंवार होतो. विधिसेवा समितीकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो. त्याची फी सरकारी पैशातून जाते म्हणून तो ‘सरकारी वकील’ समजून कित्येक जणी त्याच्यापुढे मन मोकळे करीत नाहीत. वस्तुतः तो पूर्णपणे त्यांचाच वकील असतो आणि गुप्ततेचे बंधन त्याच्यावर तसूभरही कमी नसते. फौजदारी खटल्यात पोलिसांच्या बाजूने उभा राहणारा सरकारी वकील निराळा. तो शासनाचा वकील. तक्रार आपली असली तरी आपण त्याचे अशील नसतो.