सार्वजनिक उद्यान व तबकडीचा खेळ

अमेरिकेंत डिस्क गोल्फ नांवाचा एक खेळ आहे. त्यांत चेंडू व काठी यांऐवजीं प्लॅस्टिकची तबकडी असते. ती फेंकीत फेंकीत दूर खांबावरील टोपलीपर्यंत न्यावयाची. टोपलीवर लोंबणाऱ्या सांखळ्यांवर आपटून ती आंत पडते. ज्याच्या फेंकी कमी, तो जिंकला. या खेळाचें पहिलें कायमचें मैदान एड हेड्रिक यांनीं १९७५ सालीं कॅलिफोर्नियांतील ओक ग्रोव्ह या सार्वजनिक उद्यानांत, ओक वृक्षांच्या छायेंत, आंखिलें.

या खेळास कुंपण लागत नाहीं, झाडें तोडावीं लागत नाहींत, हा त्याचा मोठा गुण. परंतु दोषही तेथेंच दडला आहे. कुंपण नाहीं, म्हणून ज्यानें खेळाचें नांवही ऐकलें नाहीं तो मनुष्य नकळत मैदानांत येऊन उभा राहतो. सुमारें १७५ ग्रॅम वजनाची, कठीण कडेची तबकडी कसलेल्या हातून १०० मीटरांपलीकडे जाते. ती बांकावर बसलेल्या एखाद्या आजीबाईंच्या कपाळावर आदळली, तर त्यांचा अपराध कोणता?

म्हणून आमचें मत असें कीं, आंखणारानें टोपल्यांचा नकाशा आधीं काढूंच नये. प्रथम पायवाटा, बांकें, मुलांचे झोपाळे कागदावर मांडावे. उरेल तें खेळास द्यावें. जागा न पुरल्यास अठरांऐवजीं नऊ टोपल्या कराव्या. तबकडीचा स्वभावही जाणला पाहिजे. उजव्या हातानें, हात छातीसमोरून आडवा नेऊन फेंकलेली तबकडी वेग सरतां सरतां डावीकडे वळते. तेव्हां त्या अंगास लागून वाट नसावी. उजवी बाजू निर्धोक आहे असें मात्र कोणीं समजूं नये. नवशिक्याची तबकडी कोठेंही जाते, आणि डावखुरेही असतातच. फेंकणारास टोपली दिसली नाहीं तरी एक वेळ चालेल; वाट दिसलीच पाहिजे. 'सावध राहा' अशी पाटी लावून मोकळें होणें म्हणजे खेळणाराचें कर्तव्य फिरणारावर ढकलणें होय.

झाडांस तर बाजूस सरतांही येत नाहीं. एकाच टोपलीभोंवतीं पावलें पडून माती घट्ट होते, मुळांस हवा मिळेनाशी होते. याकरितां टोपली दोनतीन ठरीव जागीं आलटून पालटून हलवितात, व खालीं लांकडाच्या ढलप्या पसरतात.

असें मैदान फार सोपें होईल, अशी खेळाडूंची तक्रार असते. ती आम्हांस पटत नाहीं. दाट झाडींतील अरुंद फटींतून नेमकी फेंक साधणें हें मोकळ्या हिरवळीवरील लांब फेंकीहून कठीण आहे. आणि तसल्या झाडींत फिरावयास येणारे बहुधा नसतातच.