दारूचा हिशेब आणि मोबाईलवरील धडे

व्यसनविरोधी शिक्षण आता मोबाईलवरून द्यावे, अशी सूचना हल्ली वारंवार ऐकू येते. सूचना वाईट नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गावोगावी समुपदेशक पोहोचविणे कठीण. मोबाईल मात्र पुष्कळ तरुणांच्या हाती आला आहे. प्रश्न एवढाच, की त्या धड्यांत सांगायचे काय आणि ते ठरवायचे कोणी?

आजवरचे बरेचसे प्रचारसाहित्य व्यसनी माणसाच्या दुबळ्या मनाकडे बोट दाखविते. दारू वाईट, खर्रा वाईट, निर्धार करा; संपला उपदेश! आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविल्यामुळे मला यात न मांडलेला हिशेब प्रथम दिसतो. शासनाच्या अंदाजपत्रकात दारूवरील उत्पादन शुल्क जमेच्या बाजूस ठळक असते. बुडालेली मजुरी, बायकोला झालेली मारहाण, सावकाराचे कर्ज, मुलीची सुटलेली शाळा यांना तेथे रकानाच नाही. हा रकाना उघडणे, हेच समाजकार्यातील संशोधनाचे खरे प्रयोजन होय.

गडचिरोलीत ते घडले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून तेथे काम करीत आहे. गावात जाऊन विचारायचे, मोजायचे आणि उत्तर गावापुढेच मांडायचे, ही त्यांची रीत. जिल्ह्यातील दारूमुक्ती आंदोलनाला तिचे बळ मिळाले आणि १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ने जनजागृती, गावाची सामूहिक कृती, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार यांची सांगड घातली.

शेजारच्या चंद्रपूरचा अनुभव कटू आहे. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरपर्यंत स्त्रिया पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. २०२१ मध्ये ती उठली. अवैध विक्री आणि बुडालेला महसूल ही कारणे पुढे करण्यात आली. अवैध विक्री होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु विद्वानांच्या अहवालात पडून राहिलेला घराघरांचा हिशेब मंत्रिमंडळाला बाजूस सारता येतो. तोच गावाला तोंडपाठ झाला, तर ते तितके सोपे राहत नाही.

म्हणून मोबाईलवरील धडे या संशोधनातून घडावेत. ते गोंडी, माडिया आणि इथल्या बोलीत असावेत. त्यांत खर्ऱ्याचा महिन्याचा खर्च असावा, व्यसन सोडताना होणारा त्रास आणि उपचाराचे ठिकाण असावे. आणि ते एकट्याने नव्हे, ग्रामसभेत एकत्र बसून ऐकावेत. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर व सेवनावर बंदी वा निर्बंध घालण्याचा अधिकार मान्य केला आहे. मेंढा-लेखाच्या गावकऱ्यांनी अभ्यासगटात चर्चा करून, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची वाट केव्हाच दाखविली आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. शिक्षण देत आहोत, असे म्हणून शासन दुकानांना परवाने वाटत राहिले, तर हे धडे म्हणजे जबाबदारी मजुराच्या माथी ढकलण्याचा स्वस्त मार्ग ठरेल. कायद्यावाचून शिक्षण लंगडे आणि शिक्षणावाचून कायदा आंधळा. कार्यकर्त्यांनी दोन्हींचा आग्रह धरावा. आणि आरंभ आपल्या गावातील स्त्रियांना विचारण्यापासून करावा. हिशेब त्यांच्यापाशी आहे.