सरकारी काम आणि नव्वद दिवसांचा हक्क

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपण सगळेच हसत हसत वापरतो. पण ज्याची नोकरी गेली, त्याच्या घरात सहा महिने थांबण्याइतकी शिल्लक नसते. घरभाडे पाच तारखेला द्यावे लागते, मुलांची फी जूनमध्ये भरावी लागते आणि किराणा दुकानदाराची उधारीची वही महिन्याच्या पुढे जात नाही. म्हणून या अंकात निवडणुकीची गणिते बाजूला ठेवून आम्ही सभासदांचे लक्ष एका साध्या विषयाकडे वेधत आहोत. तो म्हणजे नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला मिळणारा बेकारी भत्ता, तो मागण्याची रीत आणि तो हाती पडेपर्यंत होणारा उशीर.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. हा भत्ता कोणाचे दान नाही. कामगाराच्या पगारातून दरमहा कापलेल्या पैशावर उभा राहिलेला तो हक्क आहे. आणि हक्काचे पैसे वेळेवर न देणे हे न देण्यासारखेच आहे.

आपल्या राज्यात बेकारी भत्ता म्हटले की लोकांना आधी जाहीरनामे आठवतात. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत तेलंगणा राष्ट्र समितीने बेरोजगार तरुणांना दरमहा ३,०१६ रुपये देण्याचे वचन दिले. फेब्रुवारी २०१९ च्या लेखानुदानात त्यासाठी १,८१० कोटी रुपयांची तरतूदही दाखवली गेली. योजना मात्र सुरूच झाली नाही. ८ मे २०२३ रोजी सरूरनगरच्या सभेत काँग्रेसने युवा घोषणापत्र मांडले आणि आकडा ४,००० रुपयांवर नेला. डिसेंबर २०२३ मध्ये सत्ता बदलली. त्यानंतरच्या दोन वर्षांतही तो भत्ता कोणाच्या पासबुकात उमटला नाही. पक्ष बदलले, आकडे वाढले, खाते कोरेच राहिले. आश्वासनाच्या भत्त्याची ही गत आहे.

दुसरा भत्ता मात्र कागदावर खराखुरा आहे आणि त्याची आपल्या लोकांना फारशी माहिती नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळ म्हणजे ईएसआय. सनतनगरचे मोठे इस्पितळ आणि औषधाच्या रांगा एवढीच त्याची ओळख आपल्याला असते. पण २००५ पासून महामंडळाने कारखाना बंद पडून किंवा कपातीत नोकरी गेलेल्यांसाठी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना चालवली. पुढे १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. सुरुवातीला तिच्यात सरासरी मिळकतीच्या पाव हिस्सा, आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त नव्वद दिवस मिळत असे. करोनाच्या टाळेबंदीत लाखो लोक घरी बसले, तेव्हा ऑगस्ट २०२० मध्ये पावाचा निम्मा करण्यात आला. नोकरी गेल्यावर नव्वद दिवस थांबण्याची अट तीस दिवसांवर आली. अर्ज मालकामार्फत पाठवण्याचे बंधन गेले आणि कामगाराला थेट शाखा कार्यालयात दावा करता येऊ लागला. पात्रतेसाठी किमान दोन वर्षांची विमाधारक नोकरी लागते. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या अंशदान-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी, आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी एकात तेवढीच, असा हिशेब ठरला. अंशदान-काळ म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिने.

रुपयांत मांडून पाहू. समजा, जीडीमेटल्याच्या एखाद्या कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या मुलाचा पगार १८,००० रुपये आहे. जुलै २०१९ पासूनच्या दराने ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये त्याच्या पगारातून कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के म्हणजे ५८५ रुपये भरतो. महिन्याचे झाले ७२० रुपये. आता नोकरी गेली. चार अंशदान-काळांची मिळकत ४,३२,००० रुपये. तिला ७३० दिवसांनी भागले की रोजची सरासरी सुमारे ५९२ रुपये येते. तिचा निम्मा २९६ आणि नव्वद दिवसांचे सुमारे साडेसव्वीस हजार. या पैशांत कोणी श्रीमंत होत नाही. पण तीन महिन्यांचे भाडे आणि किराणा निघतो, सोनाराकडे जावे लागत नाही आणि मिळेल ती पहिली नोकरी पडेल त्या पगारात धरावी लागत नाही.

मग अडते कुठे? पहिली अडचण कारखान्याच्या कचेरीतच सुरू होते. नोकरी आपणहून सोडली, स्वेच्छानिवृत्ती घेतली किंवा शिस्तभंगाच्या कारवाईत काढून टाकले, तर हा भत्ता मिळत नाही. आणि आपल्याकडच्या लहान कारखान्यांत, ठेकेदारांकडे काय चालते? कामगार कमी करायचे असले की त्यांना बोलावून म्हणतात, “राजीनामा लिहून दे, हिशेब आजच करून टाकतो.” मुलगा बिचारा सही करून मोकळा होतो. यात मालकाचा फायदा सरळ आहे. कपात केली तर एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही भरपाई होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. राजीनाम्याच्या एका सहीने ही भरपाई वाचते आणि त्याच सहीने कामगाराचा बेकारी भत्ताही बुडतो. म्हणून नांदेड, परभणी, लातूर, बीदरकडून इथे बालानगर, चर्लपल्ली, पटनचेरूला कामाला आलेल्या आपल्या मुलांना आमचे कळकळीचे सांगणे आहे: काढून टाकत असतील तर तसे लेखी मागा. न वाचता, कोणाला न विचारता राजीनाम्यावर सही करू नका.

दुसरी अडचण नावाची. आम्ही बँकेत काउंटरवर बसतो, त्यामुळे हा घोळ रोज पाहतो. तेलुगू रीतीत घराचे नाव आधी येते आणि बहुधा एका अक्षरात आटोपते. आपल्या रीतीत आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे, शेवटी आडनाव. कारखान्याचा कारकून आपल्या सवयीने लिहितो, आधार केंद्रातला मुलगा त्याच्या सवयीने, आणि पासबुकावर तिसरेच छापलेले असते. बायकांचे तर आणखी कठीण. माहेरची सुनंदा कुलकर्णी सासरी स्वाती जोशी होते. आधार एका नावाने, भविष्य निर्वाह निधी दुसऱ्या नावाने. माणूस एकच असतो, पण संगणकाला ती दोन माणसे दिसतात. नोकरी असताना या तफावतीची कोणाला फिकीर नसते, आणि नोकरी गेली की त्याच एका अक्षरावर दावा परत येतो.

तिसरी अडचण खात्याची. आपल्या अनेक घरांत अजूनही ‘हैदराबाद बँके’चे जुने पासबुक कपाटात असते. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. १ एप्रिल २०२० रोजी आंध्र बँक युनियन बँकेत आणि सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली. पुढच्या वर्षी त्यांचे जुने आयएफएससी क्रमांक बंद झाले. अर्जात जुन्या पासबुकावरून क्रमांक उतरवला की पैसे निघतात आणि वाटेतून परत जातात. शिवाय दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय ठरते आणि केवायसी केल्याशिवाय चालू होत नाही. पगार ज्या खात्यात येत होता ते एक, गावाकडे उघडलेले दुसरे आणि आधारशी जोडलेले तिसरेच, असा प्रकार असेल तर पैसे कुठे गेले हे शोधण्यात महिना जातो. म्हणून नोकरी असतानाच, शक्य तर याच महिन्यात, हे सगळे तपासून घ्यावे. आधार, विमा क्रमांक, भविष्य निर्वाह निधी आणि पासबुक या चारही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख एकच असावी. ज्यांनी नोकरी सोडली आहे त्यांनी भविष्य निर्वाह निधीत नोकरी संपल्याची तारीख नोंदली आहे का, तेही पाहावे. मालकाने ती टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः ऑनलाइन नोंदण्याची सोय जानेवारी २०२० पासून झाली.

निर्वाह निधीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. तो बेकारी भत्ता नाही, ती आपली म्हातारपणाची पुंजी आहे. भत्ता वेळेवर आला नाही की माणूस काचीगुड्याशेजारच्या बरकतपुऱ्याची वाट धरतो आणि ती पुंजी मोडतो. १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत निधीच्या विश्वस्त मंडळाने, नोकरी गेल्यावर पूर्ण रक्कम काढण्यासाठीची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिने करण्याचा निर्णय घेतला. पंचाहत्तर टक्के आधी काढता येतील, उरलेल्यासाठी थांबावे लागेल. पुंजी टिकावी हा हेतू चांगला आहे. पण ज्याला पुंजी मोडू नको म्हणायचे, त्याच्या हातात भत्ता आधी पडला पाहिजे. विहीर बुजवायची आणि नळही जोडायचा नाही, असे करून चालणार नाही.

उशिराला किंमत असावी, हे तत्त्व काही नवे नाही. आपल्या मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना बहात्तरचा दुष्काळ आठवत असेल. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना रुजली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तिचा कायदा केला. पंधरा दिवसांत काम दिले नाही तर भत्ता द्यावा लागेल, हे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. भत्त्याची रक्कम अगदी लहान होती, पण वेळ चुकली तर देणे लागते हे कायद्याने मान्य केले. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही ते तत्त्व आले आणि पुढे मजुरी पंधरवड्याहून जास्त रखडली तर रोज ०.०५ टक्के भरपाईचा नियम झाला. भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेत, पूर्ण कागदांचा दावा वीस दिवसांत निकाली निघाला नाही तर १२ टक्के व्याजाची तरतूद होती. मालकाने ईएसआयची वर्गणी उशिरा भरली तर त्यालाही वर्षाला १२ टक्के व्याज लागत आले आहे. मग कामगाराचा भत्ता रखडला तर त्याच न्यायाने कामगाराला व्याज का नको? दावा पंधरा दिवसांत निकाली काढण्याचे सरकारने २०२० मध्ये सांगितले होते. सोळाव्या दिवसापासून देणाऱ्याच्या खिशाला झळ बसली, तरच पंधरा या आकड्याला अर्थ आहे.

दुसरी गोष्ट योजनेच्या आयुष्याची. २०१८ पासून ही योजना मुदतवाढीवर जगत आली. एक-दोन वर्षे संपत आली की कामगाराने वर्तमानपत्र पाहायचे. त्यातली एक मुदतवाढ ३० जून २०२६ पर्यंतची होती. वर्गणी दरमहा न चुकता कापली जाते, मग त्या बदल्यात मिळणारा हक्क तेवढा तात्पुरता का? २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. बेकारी भत्ता तिच्या नियमांत कायमचा बसवण्याची हीच वेळ आहे.

आमच्या मागण्या अशा. केंद्र सरकारने ही योजना कायम करावी. पंधरा दिवसांपुढच्या उशिराला व्याज द्यावे आणि ते कामगाराने मागण्याची वाट न पाहता द्यावे. मालकाने ‘राजीनामा’ लिहिला आणि कामगार ‘काढून टाकले’ म्हणत असेल, तर दावा फेटाळण्याआधी कामगाराचे म्हणणे ऐकावे. राज्य सरकारने आपल्या घोषणापत्रातला ४,००० रुपयांचा भत्ता कधी देणार ते तारखेसह सांगावे, नाहीतर देणार नाही असे तरी सरळ सांगावे. आपल्या भागातले आमदार, नगरसेवक मत मागायला येतात तेव्हा हळदीकुंकवापासून गणेशोत्सवापर्यंत सगळीकडे दिसतात. त्यांना हे प्रश्न त्याच वेळी विचारले पाहिजेत.

पण सरकारकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये. ऑल्विन, आयडीपीएल, डीबीआर मिल ही नावे एकेकाळी या शहराच्या भाकरीची होती. आता ऑल्विन कॉलनी आणि आयडीपीएल चौरस्ता एवढी पत्त्यापुरती उरली आहेत. नोकऱ्या पुढेही जातील. आपल्या मंडळात निवृत्त बँक कर्मचारी आहेत, वकील आहेत, संगणक सफाईने चालवणारी मुले आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ मंडळाच्या कार्यालयात बसून अर्ज भरून देणे, नावातली तफावत दुरुस्त करून देणे, पोचपावतीची प्रत जपून ठेवणे आणि दावा रखडला तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकणे, एवढे आपल्याला सहज जमेल. त्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावेच लागते. दावा करण्यापूर्वी त्या दिवशी कोणता दर आणि कोणती अट लागू आहे, हे शाखा कार्यालयात विचारून घेण्याचे कामही कार्यकर्त्यांनीच करावे.

आणखी एक. नोकरी गेली हे सांगायला आपल्या माणसाला लाज वाटते. तो डबा घेऊन घरातून निघतो आणि दिवसभर बागेत बसून संध्याकाळी परततो. लाज त्याने का बाळगावी? वर्गणी भरली आहे, हक्क त्याचा आहे. ज्या सभासदांच्या घरात, शेजारात असा कोणी असेल, त्यांनी त्याला पासबुक आणि विमा क्रमांक घेऊन मंडळात आणावे, ही विनंती.